ढिला नसलेला नट

शंकरतात्यांचं नाव आधी लिहितो, बाकीचं मागून. शंकर थोरवडे, लष्कराच्या सिग्नल तुकडीतून हवालदार म्हणून निवृत्त. उंब्रजपासून आत एका गावात घर, अर्धा एकर ऊस, एक जुनी लुना आणि एक हिरवी कॅनव्हासची पिशवी. मागच्या हंगामात माझ्या मशीनवर वायरलेसचा अँटेना त्यांनी बसवला. तो कुठला घ्यायचा, हेही त्यांनीच ठरवलं. आणि मी तो हंगाम त्यांच्यावर संशय घेण्यात घालवला. त्यांचं नाव मागे राहिलं तर लिहिता लिहिता मी पुन्हा स्वतःचीच बाजू मांडत बसेन. म्हणून ते आधी.

आता पुन्हा उसाला तुरे आलेत. हायवेवरून कराडकडे येताना दोन्ही अंगाला रान पांढुरकं दिसतं, आणि उन्हं कलली की त्या तुऱ्यांवरून हात फिरवावासा वाटतो. आमच्याकडे, गोंदिया जिल्ह्यात, या दिवसांत धान कापून बांध्यांमध्ये, म्हणजे शेताच्या वाफ्यांत, पडलेलं असतं. त्याचा वास कोरडा, घरातल्या कोठीसारखा. इथला वास ओला आणि गोड, आणि एकदा कारखाना सुरू झाला की त्यात मळीचा आंबूस वास मिसळतो तो थेट उन्हाळ्यापर्यंत. पहिल्या वर्षी त्या वासानं मला जेवण जात नव्हतं. आता तो आला की हंगामाची भीती जागी होते. पण ती ओळखीची.

नववीत शाळा सोडली. गावात धान कापायला पंजाबकडचं मशीन आलं होतं, त्याच्यामागे गेलो. आधी पुसायला, मग ग्रीस भरायला, मग एक दिवस चालवायला. तिथून कुणाच्या तरी ओळखीनं सातारा जिल्ह्यात ऊसतोडणीच्या मशीनवर. घरापासून इतकं लांब आलं की माणूस भाषा शिकायच्या आधी संशय शिकतो. खानावळीतल्या मावशींनी न मागता भाकरी वाढली की मी म्हणायचो, काहून? चहावाल्यानं नाव विचारलं की, काहून? कागदावर सही मागितली तर हात थांबायचाच. इंग्रजी कागद असला तर मी तो उलटसुलट करून बघायचो, जसं काही मागच्या बाजूला खरं लिहिलेलं असतं.

ज्यानं ते मशीन पाहिलं नाही त्याला सांगतो. चारचाकी धूड, वर काचेची केबिन. पुढून ऊस आत ओढायचा, तुकडे करायचे आणि मागच्या लांब पट्ट्यावरून बाजूनं चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकायचे. केबिनमध्ये बसलेल्याला समोर उसाची भिंत, मागे पाचटाचा धुरळा, कानात इंजिनाचा गडगडाट. ट्रॅक्टरवाला हाका मारून मेला तरी ऐकू येत नाही. फोनची रिंग कळत नाही, आणि नदीकाठच्या खोलगट रानात फोनला रेंजही नसते. मी यायच्या आधीच्या हंगामात आमच्या मालकांच्या एका ट्रॅक्टरवाल्याचा पाय मशीनच्या चाकाखाली सापडला होता. म्हणून मालकांनी, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, ठरवलं की मशीनवर आणि ट्रॅक्टरवर सीबी रेडिओ बसवायचे. ज्याला लायसन लागत नाही, तो छोटा वायरलेस सेट.

सेट आणला त्या दिवशी अप्पांनी मला बोलावून सांगितलं की हे चालू ठेवणं तुझ्याकडं. रेडिओ बंद पडला आणि कुणाला काही झालं, तर दुसऱ्या दिवशी तुझ्या सीटवर तमिळनाडूकडचा ऑपरेटर बसंल. ते रागानं बोलले नव्हते, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्या सीटशिवाय माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. दहावीचा कागदसुद्धा नाही.

तात्या असे आले. अप्पांनी कुठंतरी चौकशी केली आणि सकाळी लुनावरून एक ताठ पाठीचा म्हातारा उतरला. मशीनभोवती एक फेरी मारली, खिशातून एक लोहचुंबक काढला आणि केबिनच्या टपावर टेकवला. तो घसरून खाली पडला. टप फायबरचा होता. म्हणाले, वरती चुंबकाचा अँटेना चिकटायचा न्हाई, दुसरं बघाय पायजे, चल सांगलीला. काय घेणार म्हणून अप्पांनी विचारलं तर चहा घेईन म्हणाले. तेवढ्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकट काम करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

सांगलीला जाताना एसटीत ते खिडकीशी बसून झोपले आणि मी त्यांच्या पिशवीकडे बघत राहिलो. नक्कीच दुकानदाराकडून काहीतरी सुटत असणार. दुकानात गेल्यावर तर खात्रीच पटली, कारण दुकानदारानं त्यांना हवालदारसाहेब म्हणून खुर्ची दिली. दुकानदारानं तीन अँटेने मांडले. एक बोटाएवढ्या जाडीचा, रबरी, हातभरसुद्धा नाही. एक चुंबकाच्या बैठकीचा. एक माझ्यापेक्षा उंच स्टीलची काडी, बुडाला स्प्रिंग. मला रबरी हवा होता. लहान, कुणाच्या डोळ्यात न येणारा. तात्यांनी लांब काडी उचलली. मी विचारलं, महाग तोच काहून घ्यायचा? ते म्हणाले, ऊस तुझ्यापरास उंच हाय का न्हाई? मग उसात उभं ऱ्हाऊन बोलायचं असलं तर टाचा वर कराय लागत्यात. दुकानदार हसला. मला वाटलं दोघं मिळून मला हसतायत.

बसवताना दोन दिवस गेले. मागे बसवायचा नाही, कारण पट्टा डावी-उजवीकडे फिरतो आणि काडी मोडून टाकेल. टपावर नाही. शेवटी केबिनला चढायच्या शिडीशेजारी जो लोखंडी कठडा आहे, त्यावर पट्टी आवळून. त्यासाठी कठड्याचा रंग खरवडायला लागणार होता. अप्पा आडवे आले. नव्या मशीनचा रंग अजून उन्हात चमकत होता. तात्या म्हणाले, आवं अप्पा, रंग म्हंजे गाडीचं कापड हाय. कापडावरनं नाडी बघत्यात व्हय? अप्पा तोंड फिरवून उभे राहिले आणि तात्यांनी कानशीनं घासून रुपयाएवढी जागा पांढरी लखलखीत केली. मला तेव्हा वाटलेलं स्पष्ट आठवतं. हा माणूस मालकाच्या डोळ्यांदेखत मशीन खराब करतोय, आणि उद्या गंज चढला की नाव माझं.

मग पिशवीतून मीटर निघालं. सेटच्या वायरमध्ये ते जोडायचं आणि बटण दाबून बोलायचं. काटा डावीकडं झोपून राहिला की आवाज बाहेर जातोय. काटा उजवीकडं उठला की आपलाच आवाज माघारी येऊन सेटला भाजतोय. तात्या काडी केसभर वर घ्यायचे, केसभर खाली करायचे, पुन्हा बोलायचे. बायकोला हाक मारल्यासारखं हळू बोलायचे. काटा झोपला तेव्हा त्यांनी मला काडीच्या बुडाची पांढरी नायलॉनची चकती दाखवली. वरची काडी आणि खालचं लोखंड यांना वेगळं ठेवणारी. "ह्या दोघांची गाठ पडू द्यायची न्हाई. पडली की मुकं झालं समज." मी मान हलवली. मी तेव्हा त्यांच्या हाताकडे बघत होतो, ते आणखी कुठं काही बसवतायत का म्हणून.

जाताना त्यांनी जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी काढली, तिचे तुकडे सेटच्या इंग्रजी बटणांखाली चिकटवले आणि पेनानं लिहिलं: आवाज. खरखर. बोल. मला इंग्रजी येत नाही हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

आणि मग संभाचा आवाज. संभा कडेगावकडचा, सांगली जिल्ह्यातला. माझ्या बाजूनं ट्रॅक्टर चालवायचा. इतके दिवस तो मला फक्त हातवारे करणारा माणूस म्हणून माहीत होता. आता तो माझ्या कानाशी येऊन बसला. "गोंदिया, जरा दमानं घे गड्या, ट्रॅक्टर हाय, शर्यतीचा बैल न्हाई." दिवसभर बडबड. डब्यात काय आहे, मेव्हण्याचं लग्न कुठं अडलंय, तुमच्याकडं भाताशिवाय काय खात्यात का न्हाई. माझ्या गावाच्या नावानं मला हाक मारणारा इथं तो एकटाच. उसाच्या भिंतीपलीकडून माणसाचा आवाज येतो, एवढ्यानं माझी छाती अर्धी हलकी झाली होती.

पण हंगामच संशयाचा. कारखान्याचा वजनकाटा खरा का खोटा म्हणून शेतकऱ्याला संशय, आपल्या पाळीआधी दुसऱ्याचा ऊस का गेला म्हणून भावाला भावाचा संशय. अँटेना बसला तसा तोही वाढला. एका आजोबांनी मला विचारलं, ह्या तारंनं उसातली साखर तर कमी हुईत न्हाई ना. दुसऱ्यानं विचारलं, ह्यातनं आमचं बोलणं कारखान्यात ऐकू जातं का. आणि तोडणी टोळीतली माणसं. ती काहीच विचारायची नाहीत. कोयते काखेत धरून रस्त्याकडेला उभी राहायची आणि मशीनकडे बघायची. त्यांचं काम मी खात होतो. त्या नजरा मला पाठीवर टोचायच्या.

तात्या दर शनिवारी मारुतीला निघाले की वाटेत आमच्या रानावर थांबायचे. मीटर लावायचे, काटा बघायचे, कठडा पुसायचे, जायचे. मला आता कारण सापडलं होतं. त्यांचा अर्धा एकर ऊस. मशीनच्या ड्रायव्हरशी गोडी ठेवली की पाळी लवकर येते, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक आहे. पुढं एकदा अप्पांनी स्वतःहून म्हटलं, तात्या, तुमचा आधी घेऊ. तात्या म्हणाले, यादीत नंबर हाय तसं घ्या. यानं माझा संशय जायला हवा होता. उलट मला वाटलं, माणूस फारच पोहोचलेला आहे.

आणि मग तो शनिवार. तात्या सकाळी येऊन गेले. त्यांच्यामागे मी नेहमीप्रमाणे हातपाय धुतले, चौकातल्या बाईकडून आणलेली ताजी लिंबू-मिरची बांधली, उदबत्ती ओवाळली आणि मशीन चालू केलं. हे मी त्यांच्यासमोर करत नसे, हसतील म्हणून. दुपारपर्यंत रेडिओ गेला. संभा शेजारी असला की तुटक शब्द, जरा लांब गेला की नुसती खरखर. सोमवार-मंगळवारी आपोआप नीट. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. माझ्या डोक्यात गणित पक्कं बसलं. ते येतात, हात लावतात, जातात, रेडिओ मरतो. मग दुरुस्तीला त्यांनाच बोलवायचं, म्हणजे त्यांची गरज राहते. कुठंतरी पाणी मुरत होतंच.

अप्पांना सांगितलं. अप्पांनी फोन करून तात्यांना कळवलं की मशीनला हात लावू नका. त्यानंतरच्या शनिवारी मी केबिनमधून पाहिलं. लुना रस्त्यावर थांबली. तात्यांनी एक पाय खाली टेकवला, उसावरून वर आलेल्या काडीकडे बघितलं, आणि गेले. आत आले नाहीत. त्या दिवशीही दुपारी रेडिओ मुका झाला. शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. मी स्वतःशी म्हणालो, आधीच काहीतरी करून ठेवलंय.

त्याच दुपारी सरीच्या टोकाला ट्रॉलीच्या कडीत पाचट अडकलं म्हणून संभा ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला. उतरायच्या आधी त्यानं रेडिओवर सांगितलं. मला खरखर ऐकू आली. मी नवीन सरी धरायला मशीन मागे घेतलं. आरशात धुरळा. बांधावर शेतमालकीण उभी होती, तिनं पदर हातात धरून दोन्ही हात वर केले तेव्हा मी ब्रेक दाबला. खाली उतरलो. संभा सरीत पालथा पडला होता आणि त्याची एक चप्पल चाकाखाली होती. त्याला काही झालं नव्हतं. तो उठून बसला, पाणी प्याला, आणि शिव्या न देता, अगदी हळू म्हणाला, "गोंदिया, मी तीनदा सांगितलं गड्या."

अप्पा आले. त्यांनी चप्पल बघितली आणि मला सांगितलं, बॅग भर. मी म्हणालो की हे तात्यांनी केलंय. तोंडातून निघतानाच ते मला हलकं वाटलं, पण निघालं. संभानंच तात्यांना फोन लावला.

तात्या आले ते कुणाशी न बोलता शिडीवर चढले. मी केबिनच्या दारात होतो. त्यांनी मीटर काढलंच नाही. काडीच्या बुडाकडे बघितलं आणि थांबले. मीही बघितलं, त्यांच्या नजरेमागून. माझी लिंबू-मिरची. चौकातली बाई ती दोऱ्यात नाही, बारीक तारेत ओवते. आधी मी ती बाजूच्या आरशाला बांधायचो, पण नजरा टोचायला लागल्यापासून तारेचा आकडा काडीला अडकवत होतो, पांढऱ्या चकतीच्या वर, कारण तेवढी उंच जागा दुसरी नव्हती आणि सगळ्यांच्या नजरेत ती तिथंच भरली असती. तारेचं खालचं टोक कठड्याला टेकलं होतं, तात्यांनी घासलेल्या त्या लखलखीत जागेवर. दोघांची गाठ मीच घालून दिली होती. दर शनिवारी, नेमानं. दोन-तीन दिवसांत मशीनच्या धक्क्यानं ती गळून पडायची आणि रेडिओ बोलायला लागायचा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलंय हे त्यांना कळलं. अप्पा खाली बांधावर उभे होते. तात्यांनी त्यांच्याकडे पाठ केली, तार सोडवली, लिंबासकट सदऱ्याच्या खिशात घातली. मग पाना काढला आणि घट्ट असलेला नट पुन्हा आवळल्यासारखं केलं. खाली उतरून म्हणाले, "अप्पा, चूक माजी. नट ढिला ऱ्हायला हुता."

अप्पांनी एकदा चाकाकडे बघितलं. मग म्हणाले, "मिल्ट्रीत असंच नट आवळत हुता व्हय, तात्या? पोरगं गेलं असतं आत्ता."

"व्हय. वय झालं आता."

तिथं मी बोलायला हवं होतं. मला शब्द येत होते, इथले आणि माझ्या गावचे दोन्ही. मी गप्प राहिलो. संभा तात्यांकडे बघत होता आणि मी त्याच्या चपलेकडे.

लुनापर्यंत त्यांच्यामागे गेलो. विचारलं, तुम्ही असं काहून सांगितलं? त्यांनी खिशातला लिंबू माझ्या हातात दिला. "लिंबू बांध की. पर म्होरल्या दिव्याच्या जाळीला बांध. आन सुतात ओव, तारंत न्हाई." लुनाला पायडल मारत मग म्हणाले, "माजी पेन्शन कोन बंद करतंय? तुजी सीट गेली असती."

खरं सांगायचं तर यावरही माझा विश्वास बसायला वेळ लागला. कितीतरी दिवस मी वाट बघत होतो, आता ते काय मागतील. फोन वाजला की तो त्यांचाच का, हे आधी बघायचो. त्यांनी काही मागितलं नाही. त्यांच्या उसाची पाळी शेवटी शेवटी आली, उन्हानं ऊस वाळून हलका झाल्यावर. मी मशीन घेऊन गेलो तर काकूंनी घरात बसवून चहा दिला आणि तात्या बांधावर उभे राहून ट्रॉलीत पडणाऱ्या तुकड्यांकडे बघत राहिले. मशीनजवळ मात्र आले नाहीत.

मला वाटत राहिलं, ते त्यांना जड गेलं नसेल. म्हातारं माणूस, हसून सोडून दिलं असेल. पण परवा त्यांच्या गावात गेलो होतो. पारावर बसलेल्यांतल्या एकानं त्यांना हाक मारली, तात्या, आमच्या सायकलचा नट बघता का, पर ढिला नका ठेवू. सगळे हसले. तात्याही हसले, आणि त्यांनी पाठ होती त्याहून ताठ केली. ज्या माणसानं बर्फात बसून तारा जोडल्या आणि त्याच्या जोडणीवर दुसऱ्यांनी जीव ठेवले, त्याच्याजवळ निवृत्तीनंतर उरलेलं ते एकच होतं. ते त्यांनी माझ्यासाठी बांधावर उभ्या उभ्या देऊन टाकलं.

अप्पांनी या वर्षी दुसरं मशीन आणलंय. काल आवारात अँटेना बसवायचा विषय निघाला. संभा म्हणाला, तात्यांना बोलवू या. अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, थोरवडे नको, मागच्या साली तू मरता मरता वाचलास, इसरलास का? आता कोल्हापूरहून कुणीतरी येणार आहे. मी तेव्हा केबिनची काच पुसत होतो. पुसून झालेली काच मी पुन्हा पुसली. मग पुन्हा.

इतके दिवस मी दुसऱ्यांच्या हातांवर नजर ठेवली. आता रोज आरशात माझ्यावर नजर ठेवतो, हा माणूस कधी बोलतो ते बघायला.

तात्या, उद्याच सांगतो असं लिहिणार होतो. पण उद्या कारखान्यात मोळी टाकायचा, हंगाम सुरू व्हायचा दिवस, सीट पुन्हा मिळाल्याची अजून खात्री नाही, आणि तुमच्याबद्दल लिहिताना तरी खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. म्हणून जेवढं जमेल तेवढंच कबूल करतो. हा हंगाम संपायच्या आत, एक दिवस, मशीन बंद करून, शिडीवरून खाली उतरून, अप्पा आणि संभा दोघंही समोर असताना सांगेन की नट ढिला नव्हता. मग त्यांनी मला बॅग भरायला सांगितलं तर भरेन. गोंदियाची गाडी धरायच्या आधी तुमच्या गावच्या पारावर येईन, आणि तिथं बसलेल्या सगळ्यांनाही तेच सांगेन.